शेवाळाची राखण

जपानच्या नद्यांत 'आयू' नावाचा मासा पकडण्याची एक जुनी रीत आहे, आणि तिला आमिष लागत नाही. मासेमार एक जिवंत आयू दोरीला बांधतो, त्याच्या मागे मोकळे गळ सोडतो आणि त्याला प्रवाहातल्या एखाद्या दगडाजवळ फिरवतो. त्या दगडावर आधीपासून दुसऱ्या आयूचा ताबा असेल तर तो आगंतुकावर धावून जातो, धडक देतो आणि गळात अडकतो. या मासेमारीचं नाव तोमोझुरी. यात अडकणारा मासा भुकेनं आलेला नसतो; तो आपली हद्द राखायला आलेला असतो. आयू काही शिकारी मासा नव्हे. त्याचं सगळं आयुष्य एका वर्षाचं. पिल्लं वसंतात समुद्राकडून नदीत चढतात आणि मग दगडांवरचं शेवाळ खरवडून वाढतात. एक आयू साधारण एक चौरस मीटरभर जागा राखतो आणि त्या जागेसाठी जिवावर उदार होतो. दगडावरच्या पातळ हिरवट थरासाठी एवढी मारामारी का, हा प्रश्न घरातल्या फिश टँकसमोरही पडतो. तिथं त्याचं जे उत्तर सहसा दिलं जातं, ते मला पटत नाही.

आपल्याकडे शेवाळ खाणारा मासा घरी येतो तो बहुधा कामासाठी. काचेवर हिरवा थर चढू लागला की दुकानदार दोन-अडीच इंचांचा एक मासा पिशवीत घालून देतो आणि सांगतो, हा काच साफ ठेवेल. काही महिने तो खरंच ठेवतो. मग एक पुरत नाही म्हणून दुसरा येतो, कधी त्याच जातीचा, कधी तसाच दिसणारा. त्यानंतर केव्हातरी लक्षात येतं की त्यातला एक मासा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, फिल्टरच्या मागे अंग चोरून राहतो आहे. त्याच्या शेपटीच्या कडा फाटल्या आहेत, रंग उतरला आहे, आणि तो खाली आला की दुसरा त्याला पुन्हा वर हाकलतो आहे. 'मासाच भांडखोर निघाला' असा निकाल लागतो आणि विषय संपतो. हा निकाल अपुरा आहे. हद्द राखणं हा या माशांच्या लेखी जमाखर्चाचा प्रश्न असतो. राखण्यात किती मिळतं आणि राखायला किती झिजावं लागतं, यावर राखायचं की नाही हे ठरतं. घरातली टाकी हा जमाखर्च दोन्ही बाजूंनी बिघडवते. तिथं राखणं फार स्वस्त होतं आणि हरलेल्याला निघून जायला जागाच उरत नाही. मारामारी होते ती या दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही गोष्टी टाकी मांडणाऱ्याच्या हातात असतात.

आधी शेवाळाचं मोल समजून घेऊ. पाण्यातला किडा एकदा खाल्ला की संपला. त्या जागेवर पहारा देऊन दुसरा किडा येईलच असं नाही. शेवाळाचं तसं नाही. ते खरवडून काढलं तरी उजेड मिळत राहिला की त्याच दगडावर थोड्याच दिवसांत पुन्हा धरतं. म्हणजे दगड ताब्यात असणं म्हणजे कायमचं उत्पन्न ताब्यात असणं. जमिनीचं पीक दरवर्षी त्याच जागी येतं म्हणूनच वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. माशाच्या दगडाचंही मोल तेच आहे. जेराम ब्राउन या अमेरिकन पक्षिअभ्यासकानं १९६४ मध्ये हा विचार नेमक्या शब्दांत मांडला. एखादी गोष्ट राखण्यातून मिळणारा फायदा राखण्याच्या खर्चाहून जास्त असेल तेव्हाच प्राणी ती राखतो. अन्न एका जागी, टिकाऊ आणि पुन्हा पुन्हा येणारं असेल तर राखणं परवडतं. ते विखुरलेलं असेल, किंवा हिसकावणारे फार असतील, तर परवडत नाही. प्रवाळ खडकांवरचे डॅमसेल मासे या हिशेबाचं टोक गाठतात. ओकिनावाच्या समुद्रात अभ्यासलेला एक डॅमसेल आपल्या हद्दीतलं नको असलेलं शेवाळ तोंडानं उपटून बाहेर टाकतो आणि पॉलिसायफोनिया नावाच्या जवळजवळ एकाच लाल शेवाळाची लागवड जोपासतो. वीतभरही नसलेला हा मासा आपल्या वाफ्याजवळ आलेल्या पाणबुड्यावरही धावून जातो.

पण शेवाळ खाणारा प्रत्येक मासा राखणदार असतो असं मुळीच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा इथंच आहे. मेरी पॉवर या अभ्यासिकेनं पनामातल्या एका ओढ्यातल्या चिलखती कॅटफिशचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या टाक्यांतले 'सकर' याच कुळातले. ओढ्याच्या ज्या डोहांवर ऊन पडतं तिथं शेवाळ भराभर वाढतं. जे झाडांच्या सावलीत असतात तिथं हळू. एखाद्यानं अंदाज बांधला असता की ताकदवान मासे उन्हातले डोह बळकावतील आणि दुबळ्यांना सावलीत ढकलतील. प्रत्यक्षात माशांची संख्याच उजेडाच्या प्रमाणात वाटली गेलेली होती. उन्हातल्या डोहांत मासे जास्त, सावलीतल्या डोहांत कमी, आणि प्रत्येक माशाच्या वाट्याला येणारं शेवाळ जवळजवळ सारखं. एका डोहात गर्दी झाली की मासे पुढच्या डोहात जात. हद्द नाही, पहारा नाही, कारण वाट मोकळी होती. आयूचंही असंच. महायुद्धानंतर क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी आयूवर बरीच वर्षं काम केलं. नदीत किती पिल्लं सोडावीत हा व्यवहारातला प्रश्न त्यामागे होता. त्यात दिसलं की मासे विरळ असताना प्रत्येक जण आपापला दगड राखतो, पण दाटी वाढली की तेच मासे हद्द सोडून थव्यानं चरू लागतात. जात तीच, दात तेच, भूक तीच. फक्त हाकलायचे शेजारी इतके झाले की हाकलण्यातच दिवस जाईल. पनामाच्याच किनाऱ्यावर १९७६ मध्ये रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू नोंदवली. एकटा पॅरटफिश डॅमसेलच्या वाफ्यात शिरला तर लगेच हुसकावला जातो, पण थव्यानं शिरलेले पॅरटफिश निवांत चरून जातात, कारण राखणदार एका वेळी एकाच्याच मागे लागू शकतो.

आता हाच हिशेब दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत मांडून पाहावा. तिच्यात जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं आणि तळाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या पाचव्या हिश्शाइतकंही नसतं. नदीतल्या एका आयूची हद्द यात पाच वेळा मोडून बसवावी लागेल. इतकी लहान जागा राखायला खर्च जवळजवळ नाहीच. मधल्या दगडावर बसून मासा चारही कोपरे पाहू शकतो आणि शेपटीच्या दोन फटक्यांत कुठंही पोहोचतो. त्यातून आपण टाकी सजवतो ती मधोमध एक मोठा दगड, त्यात एक कपार, बाकी सपाट वाळू अशी. म्हणजे मोलाची जागा एकच, आणि तिच्यावरून सगळीकडे नजर जाते. शेवाळाची गोळीही रोज एकाच कोपऱ्यात टाकली जाते, आणि विखुरलेलं अन्न आपण स्वतःच्या हातानं राखण्याजोगं करून ठेवतो. तरीही यापेक्षा गंभीर गोष्ट दुसऱ्या बाजूला घडते. नदीत दोन मासे समोरासमोर आले की पंख ताणून, अंग तिरकं करून एकमेकांना आकार दाखवतात, रंग गडद होतो, एखादी धडक होते आणि कमजोर मासा निघून जातो. त्याचं निघून जाणं हीच शरणागती असते. तिथं भांडण संपतं. टाकीत हरलेला मासा काचेला नाक लावून थांबतो, कारण पुढं पाणी नाही. जिंकलेल्याच्या नजरेसमोर तो राहतोच, आणि त्याचं तिथं असणं हे आव्हान चालू असल्याची खूण ठरतं. म्हणून दुसरा हल्ला, तिसरा हल्ला. सतत दडपणाखाली असलेला मासा नीट खात नाही, त्याची रोगाशी झुंजण्याची ताकद घटते, आणि अंगावर व्हाइट स्पॉटचे पांढरे दाणे उठतात तेव्हा आपण औषध आणायला धावतो. पुष्कळदा रोगाची सुरुवात पाण्यात नसून पाठलागात झालेली असते.

'शेवाळ खाणारा' या एकाच नावाखाली दुकानात किती वेगळे मासे विकले जातात हे पाहिलं तर गोंधळ आणखी वाढतो. चायनीज अल्गी ईटर म्हणून मिळणारा मासा मूळचा मुख्यतः थायलंड, लाओस, कंबोडिया या भागातल्या चाओ फ्राया आणि मेकाँगच्या खोऱ्यांतला. त्याचं तोंड खाली वळलेलं, चिकटणारं. कल्ल्याच्या वरच्या बाजूला त्याला पाणी आत घेण्यासाठी वेगळं छिद्र असतं, त्यामुळे तोंड दगडाला चिकटलेलं असतानाही तो श्वास घेऊ शकतो. लहानपणी तो मन लावून शेवाळ खातो. मोठेपणी त्याची गोडी कमी होते आणि हद्दीची हाव वाढते. पूर्ण वाढला तर तो फूटभराच्या आसपास जातो. सायामीज अल्गी ईटर वेगळा. त्याच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो, आणि तो पुष्कळच सोशिक, घोळक्यात राहणारा. त्याच्यासारखाच दिसणारा फ्लाइंग फॉक्स मात्र आपल्या जातभाईला जवळ फिरकू देत नाही. लाल शेपटीचा काळा 'शार्क' हा मुळात शार्क नव्हेच. तो आपल्या रोहूच्या कुळातला, दगडावरचा थर चरणारा मासा. थायलंडबाहेर तो निसर्गात कुठंही नाही, आणि तिथंही इतका दुर्मीळ झाला की एकेकाळी नामशेष मानला गेला होता. आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे आणि बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक मासा शेततळ्यांत पैदास केलेला असतो. या गोष्टीकडे थोडं थांबून पाहायला हवं असं मला वाटतं. ज्या माशाचं नाव भांडखोरीसाठी इतकं बदनाम आहे, त्याची ही कीर्ती मुख्यतः काचेच्या पेट्यांतून आलेली आहे. वाहत्या नदीत, मैलभर पात्रात तो कसा वागला असता, याचा साक्षीदार आता जवळजवळ उरलेला नाही.

इथं कुणी म्हणेल, मग स्वभाव असा काही नसतोच का? ओटोसिंक्लस नावाचा इंच-दीड इंचाचा दक्षिण अमेरिकन मासा त्याच टाकीत, त्याच शेवाळावर, दहा-बारांच्या घोळक्यात कुणाला न दुखवता राहतो. टाकीच दोषी असेल तर तो का भांडत नाही? आक्षेप रास्त आहे. जातीजातींत फरक असतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हा फरक हिशेबाबाहेरचा नाही. तो पिढ्यानपिढ्यांच्या हिशेबातूनच मुरत आलेला आहे. ओटोसिंक्लस पाण्यातल्या झाडांच्या पानांवर आणि काड्यांवर पसरलेला पातळ थर चरत फिरतो. त्याचं अन्न विखुरलेलं, देह इवलासा, शत्रू पुष्कळ. एक पान धरून बसण्यापेक्षा सोबतीनं फिरण्यात त्याचा फायदा झाला. उलट लाल शेपटीच्या शार्कसारखा मासा उपजतच राखणदार असेल, तर त्याला अशा जागी ठेवू नये जिथं राखणं फुकट मिळतं, एवढंच त्यातून निघतं. चायनीज अल्गी ईटरबद्दल एक वेगळी तक्रारही खरी आहे. तो एंजल किंवा डिस्कससारख्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर खरवडतो. ही मात्र हद्दीची लढाई नव्हे. ते खाणं आहे, आणि त्यावर दगडांची मांडणी बदलून उपाय होत नाही. असा मासा वेगळाच ठेवावा लागतो. दोन्ही प्रकारांना सरसकट 'आक्रमक' म्हटलं की चुकीचा उपाय केला जातो.

दुसरा आक्षेप भल्या माणसांकडून येतो: पोटभर खायला द्या, भांडणार नाहीत. हे अर्धंच खरं आहे. भुकेला मासा जास्त हिंसक होतो हे कबूल, पण हद्दीची प्रेरणा आजच्या पोटावर चालत नाही. नदीत उद्याचं शेवाळ आजच्या राखणीवर अवलंबून असतं. आज पोट भरलं म्हणून पहारा उठवणाऱ्याचा दगड उद्या गेलेला असतो. शिवाय कपार ही नुसती जेवणाची जागा नसते. ती लपण्याची जागाही असते आणि तिची गरज भरल्या पोटीही संपत नाही. खाणं वाढवून त्याच कोपऱ्यात टाकलं तर त्या कोपऱ्याचं मोल उलट वाढतं. न खाल्लेलं अन्न कुजून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जमा होतं आणि नवं शेवाळ धरतं, म्हणजे ज्या कारणासाठी मासा आणला तेच वाढतं. कामाची गोष्ट किती घातलं ही नसून किती ठिकाणी घातलं ही आहे. काकडीच्या चकत्या किंवा उकळलेला पालक टाकीच्या दोन-तीन टोकांना एकाच वेळी ठेवला, तर एकट्या माशाला सगळं राखता येत नाही.

तिसरा आक्षेप अनुभवी शौकिनांचा आणि सगळ्यात वजनदार. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात खडकांवरचं शेवाळ चरणारे 'म्बुना' नावाचे रंगीत सिक्लिड मासे आहेत. त्यांचे नर पराकोटीचे हद्दखोर. ते पाळणारे जगभरातले लोक मुद्दाम टाकीत दाटी करतात आणि मारामारी खरंच कमी होते. मग जागा वाढवा हा सल्ला उलटाच नव्हे का? नाही, हा अनुभव त्याच हिशेबाला पुष्टी देतो. आयूनं नदीत जे केलं, पॅरटफिशच्या थव्यानं डॅमसेलला जे करायला लावलं, तेच इथं माणूस घडवून आणतो: राखणं इतकं महाग करायचं की मासा नाद सोडेल. फक्त ही युक्ती उसनी घेताना तिची किंमतही मोजावी लागते. म्बुना निसर्गातही दाट वस्तीत राहतात, आणि त्यांच्या टाकीला दुप्पट ताकदीचे फिल्टर आणि वरचेवर पाणी बदलणं लागतं. एकट्यानं राहणाऱ्या माशांना ही दाटी लागू पडत नाही. लाल शेपटीचे दोन शार्क भांडतात म्हणून तीन-चार आणले, तर अनेकदा एवढंच होतं की सगळ्यांत ताकदवान मासा उरलेल्यांना एकेक करून संपवतो. सहा इंचांचे सहा 'शार्क' घरच्या टाकीत गर्दी ठरत नाहीत. हाकलणं महाग पडेल इतके ते कधीच होत नाहीत. हिंसा कमी दिसते म्हणून ताणही कमी झाला, असंही दाट टाकीबद्दल खात्रीनं म्हणता येत नाही. मला स्वतःला दाटीपेक्षा आडोसा जास्त प्रामाणिक उपाय वाटतो.

आडोसा म्हणजे नजर तोडणं. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत दगड, ड्रिफ्टवूड किंवा दाट झाडं अशी रचावीत की एका टोकाच्या माशाला दुसरं टोक दिसू नये, आणि कपारी माशांपेक्षा जास्त असाव्यात. हरलेला मासा नजरेआड गेला की त्याला नदीतल्या निघून जाण्याचा थोडा तरी पर्याय मिळतो. लाल शेपटीचा किंवा त्याच्यासारखाच रेनबो शार्क ठेवायचा तर चार फुटांच्या टाकीत एकच ठेवावा आणि त्याच्यासोबत तळाशी चरणारा, त्याच बांध्याचा दुसरा मासा नको. हल्ला बहुधा आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर आधी होतो. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी प्रवाळातल्या माशांकडे आणि टाक्यांकडे पाहून हीच गोष्ट मांडली होती: आपल्या जातीचा आणि आपल्या रंगाचा मासा हाच खरा प्रतिस्पर्धी, कारण त्याला नेमकं तेच हवं असतं जे आपल्याला हवं असतं. नवा मासा सोडायचाच असेल तर आधी सगळे दगड हलवून टाकीचा नकाशा बदलावा, दिवे बंद करावेत आणि मग सोडावा. जागेचा जुना मालक लढाईत वरचढ ठरतो हे अनेक प्राण्यांत दिसलं आहे. मांडणी बदलली की काही काळ कुणीच मालक उरत नाही. एकदा हरलेला मासा पुढच्या लढतीही सहज हरतो, म्हणून मार खाणाऱ्याला 'आपसात मिटेल' म्हणून तसाच ठेवू नये. मध्ये जाळी लावावी किंवा त्याला दुसऱ्या टाकीत हलवावं, आणि तेही पहिल्या आठवड्यातच.

खरं तर शेवाळासाठी मासा आणण्याची गरज फार थोड्या टाक्यांना असते. खिडकीचं थेट ऊन, दिवसाचे बारा-चौदा तास चालू दिवा आणि गरजेपेक्षा जास्त खाणं या तीन गोष्टींनी शेवाळ वाढतं. दिवा आठ तासांवर आणला, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं आणि काच खरवडणीनं पुसली की बराचसा प्रश्न सुटतो. सकर मासा आणून तो सुटत नाही, कारण फूट-दीड फुटांपर्यंत वाढणारा तो मासा स्वतःच टाकीतली सगळ्यात मोठी घाण करतो. आणि तो टाकीत मावेनासा झाला, किंवा भांडू लागला, की जो मार्ग लोकांना दयेचा वाटतो तोच सगळ्यात वाईट ठरतो. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे चिलखती मासे केरळच्या पाण्यांत, कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत आणि आंध्रच्या नद्या-तळ्यांत पसरले आहेत. त्यांच्या काटेरी अंगानं मासेमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना भाव नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडांवरचं शेवाळ चरणारे आपले स्वतःचे मासे आहेत. मळ्या त्यातलाच, १८३९ मध्ये साइक्स या अभ्यासकानं ज्याची शास्त्रीय नोंद केली तो. त्यांच्या पाण्यात हे आगंतुक सोडणं म्हणजे टाकीतलं भांडण नदीत नेणं, आणि तिथून ते परत आणता येत नाही. नको झालेला मासा परत घेणारे दुकानदार असतात. म्हणून पिशवीत मासा घालून घेण्याआधीच विचारून ठेवावं की हा पुरता वाढला की किती लांब होतो, आणि तेव्हा तुम्ही तो परत घ्याल का.